प्रभूनं सांगितलं, गाडी शिक

शाळेतून निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने मी देवाकडे रोज एकच मागणं मागत होते. प्रभू, आता मी मोकळी आहे, मला काम दे. आयुष्यभर पोरांना गणित शिकवलं. सकाळी डबे आणि संध्याकाळी वह्या, यातून आमच्या चर्चच्या मंडळीसाठी काही करायला सवडच मिळाली नाही. रविवारी उपासनेला जायचं, महिला मंडळाची वर्गणी द्यायची, नाताळात करंज्या तळायला बसायचं, एवढीच माझी सेवा. आता मात्र काहीतरी मोठं करावं असं मनात होतं, आणि काय करायचं तेही माझं मीच ठरवून टाकलं होतं. पेठ-सुरगाण्याच्या बाजूला आमच्या मंडळीचं थोडं काम चालतं, तिथे जाऊन बायकांना शिकवावं. नाहीतर निदान उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ वाचावा. माझा आवाज चांगला आहे, शेवटच्या बाकापर्यंत जातो.

आमचं घर नाशिक रोडला. आमचे मिस्टर नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. पहाटे ते फिरायला जातात आणि तेवढा वेळ घर माझं असतं. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी खुर्ची टाकून मी शास्त्र वाचते, प्रार्थना करते आणि मग थोडा वेळ नुसती बसते. हे नुसतं बसणं मला आईनं शिकवलं. ती म्हणायची, आपलं सगळं सांगून झालं की लगेच उठायचं नाही. त्यालाही काही बोलायचं असेल.

अशीच बसले असताना एके दिवशी मनात आलं, गाडी शिक.

मी डोळे उघडले. खिडकीतून खाली जिन्याजवळ मुलीची स्कूटर दिसत होती, जुन्या चादरीनं झाकलेली. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली आणि गाडी इथेच राहिली. म्हटलं, समोर गाडी दिसली म्हणून मनात आलं असेल. दुसऱ्या दिवशी खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे पाठ करून बसले. तरी तेच. गाडी शिक.

लोक विचारतात, देव बोलतो म्हणजे नक्की काय होतं? माझ्या कानांनी मी कधीच काही ऐकलेलं नाही. पण वर्गात फळ्यावर लिहिताना, पाठ वळलेली असली तरी मागे कुणी उभं राहिलं की मला कळायचं. हे तसंच काहीसं होतं. मागे कुणीतरी उभं होतं आणि खाली बसायला तयार नव्हतं.

मला तर साधी सायकलही येत नव्हती. सिन्नरजवळच्या आमच्या गावात मुलींनी सायकल चालवायची रीत नव्हती. लग्नानंतर मिस्टरांच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसायचे आणि गाडी वळली की डोळे मिटून घ्यायचे. पुढे त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी त्यांची गाडी विकून टाकली आणि मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास सोडला. आणि आता अठ्ठावन्नाव्या वर्षी देव मला हे सांगत होता. पेठ नाही, सुरगाणा नाही, शास्त्रपाठही नाही.

शेवटी मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. ते माझ्यापेक्षा वयानं बरेच लहान आहेत, पण ऐकून घेणारे आहेत. उपासना संपल्यावर बाहेर लिंबाच्या झाडाखाली त्यांना गाठलं.

"पाळकसाहेब, मनात आलेली गोष्ट देवाची की आपलीच, हे ओळखायचं कसं?"

"कोणती गोष्ट, बाई?"

मला सांगायची लाज वाटली. "आहे एक. मला मुळीच आवडणारी नाही."

ते हसले. "बाई, मी माझ्यापुरता एक नियम केलाय. देवानं सांगितलेली गोष्ट मला फार आवडली, तर मी त्याला दोनदा-तीनदा विचारून घेतो. मुळीच आवडली नाही, तर एकदाच विचारतो."

"आणि चूक निघाली तर?"

"चांगल्या गोष्टीत चूक निघाली तर काय बिघडतं? तुम्ही कुणाचं वाईट तर करायला निघाला नाहीत ना?"

मी म्हटलं, "वाईट नाही, पण कुणाच्या तरी अंगावर गाडी घालीन." मग त्यांना सगळं सांगावंच लागलं. ते इतके हसले की चपला घालणारी माणसं वळून बघायला लागली. पण हसून झाल्यावर त्यांनी तिथेच उभ्या उभ्या माझ्यासाठी प्रार्थना केली, आणि तीही अगदी गंभीरपणे.

घरी मिस्टरांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला. "नाशिकमधल्या रिक्षा संपल्या का?"

"मला देवानं सांगितलंय."

"मग हातपाय मोडले की बिलही त्यालाच पाठव," असं म्हणून त्यांनी पेपर पुन्हा वर घेतला. तरी दुपारी मी खाली गेले तेव्हा गाडीवरची चादर काढलेली होती आणि ते चाकात हवा आहे का ते बघत होते.

शिकवणार कोण, हा प्रश्न होता. आमच्या खालच्या मजल्यावर एक शिक्षिका राहते. सिन्नर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रोज स्वतःच्या गाडीनं जाऊन येते. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. कुटुंब बौद्ध. बुद्धपौर्णिमेची खीर तिच्याकडून वर येते आणि नाताळचा फराळ आमच्याकडून खाली जातो. मी तिला भीत भीत विचारलं आणि कारणही सांगितलं. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"काकू, कोणी सांगितलं ते तुमचं तुम्ही बघा. पण ज्यानं सांगितलं त्यानं बरोबर सांगितलंय. उद्या सकाळी मैदानावर या. आणि साडी नको, ड्रेस घाला."

ड्रेसही माझ्याकडे नव्हता. मुलीच्या कपाटातला एक सैलसा पंजाबी ड्रेस काढला. त्यात मी मलाच ओळखू येईना.

मैदानावर पहिले काही दिवस शेजारीण गाडी चालू करूच देत नव्हती. मी नुसती गाडीवर बसायची आणि दोन्ही पायांनी जमीन ढकलत पुढे जायची, पांगुळगाडा घेऊन चालणाऱ्या लेकरासारखी. मग एके सकाळी तिनं चावी फिरवली आणि म्हणाली, "आता उजव्या मुठीला हळूच पीळ द्या." हळूच म्हणजे किती, हे मला कसं कळणार? गाडी एकदम उडाली, मी ओरडले, आणि मैदानाच्या कडेला महापालिकेनं लावलेल्या बोगनवेलीत आम्ही दोघी शिरलो, म्हणजे मी आणि गाडी. काटे केसांत, ड्रेस फाटलेला. क्रिकेट खेळणारी पोरं धावत आली. त्यांच्यातल्या एकाला मी अपूर्णांक शिकवलेले. तो म्हणाला, "बाई, तुम्ही?"

घरी आल्यावर मी देवाशी भांडले. म्हटलं, मी तुझ्याकडे सेवा मागितली होती, फजिती नव्हे. उत्तर आलं नाही. पण मिस्टर काटे काढायला चिमटा घेऊन बसले आणि केसांतले काटे काढता काढता म्हणाले, "ब्रेक दाबताना पीळ सोडायचा असतो, अगं. दोन्ही एकदम करायचं नाही. मी उद्या येतो." दुसऱ्या दिवसापासून ते मैदानाच्या कठड्यावर बसून सूचना द्यायला लागले. शेजारीण काही सांगायची, ते काही वेगळंच सांगायचे, आणि मी दोघांचंही न ऐकता सरळ रेषेत जायचे. वळता येत नव्हतं.

वळायला शिकले ते एका वाक्यामुळे. शेजारीण म्हणाली, "काकू, तुम्ही चाकाकडे बघता. जिथे जायचंय तिथे बघा, गाडी आपोआप जाईल." आणि खरंच गेली. त्या दिवशी मैदानाला पूर्ण चक्कर मारली तेव्हा आम्ही तिघांनी टपरीवर चहा घेतला आणि शेजारणीनं माझा फोटो काढून माझ्या मुलीला पाठवला. मुलीचा लगेच फोन आला. "आई, खरं सांग, हे फोटोशॉप आहे ना?"

आरटीओच्या पहिल्या परीक्षेत आठचा आकडा काढताना मी पाय टेकला आणि नापास झाले. जन्मभर मुलांना नापास करणारी बाई स्वतः नापास होऊन बाहेर आली तेव्हा मला रडू येईल असं वाटलं होतं, पण हसू आलं. दुसऱ्यांदा पास झाले. पाळकसाहेबांनी उपासनेत आभाराच्या प्रार्थनेत माझ्या लायसनचा उल्लेख केला.

आणि मग काहीच झालं नाही.

मला वाटलं होतं, लायसन हातात आलं की देव पुढचं सांगेल. रोज पहाटे खुर्चीत बसत होते. म्हटलं, प्रभू, शिकले. आता बोल. तो गप्प. मी गाडीवरून भाजी आणायला लागले, दळण आणायला लागले. मिस्टरांना डोळे तपासायला नेलं. जाताना त्यांनी सबंध रस्ताभर माझा खांदा घट्ट धरून ठेवला, आणि येताना मात्र नुसता हात ठेवला. गाडी अंगवळणी पडली. बिटको चौकात सिग्नल हिरवा व्हायच्या आधी मागून हॉर्न वाजवणाऱ्यांकडे वळून बघण्याइतका धीटपणा आला. पण सेवा काही दिसेना. कधी कधी वाटायचं, माझं मलाच गाडी शिकायची होती की काय? मग बोगनवेल आठवायची आणि खात्री पटायची की नाही, ही इच्छा माझी नव्हती.

उन्हाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट. बाजारातून मेथी, कोथिंबीर घेऊन निघाले होते. घरी जायला उजवीकडे वळायचं, उजवा दिवाही लावला होता. आणि मनात आलं, डावीकडे, देवळाली कॅम्पला, मावशींकडे.

या मावशी म्हणजे आमच्या मंडळीतल्या एक वयस्कर बाई. पूर्वी महिला मंडळ त्याच चालवायच्या आणि त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. लग्नानंतर मी नवी नवी असताना प्रभुभोजनाच्या, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षारस देतात त्या विधीच्या, मेजासाठी एक कापड भरून दिलं होतं. ते त्यांनी सगळ्यांसमोर परत केलं. "टाके वाकडे आहेत. घरी वापर." तेव्हापासून मी त्यांना "सलाम, मावशी" म्हणायचे आणि पुढे सरकायचे. वर्षभरात त्या उपासनेला दिसल्या नव्हत्या. गुडघे गेलेत असं कुणीतरी म्हणालं होतं. मुलगा आखाती देशात, घरी एकट्याच.

मनात आलेलं मला मुळीच आवडलं नाही. म्हणून एकदाच विचारलं, "खरंच?" मग उजवा दिवा बंद करून डावा लावला. मागच्या रिक्षावाल्यानं शिव्या दिल्या.

मावशींचं घर एका अरुंद बोळात, बैठं, पुढे कमरेएवढा ओटा. त्या ओट्यावरच खुर्ची टाकून बसल्या होत्या. केस विंचरलेले नव्हते. मला बघून म्हणाल्या, "तू? कोण गेलं?"

"कुणी नाही, मावशी. सहज आले."

"सहज कुणी येत नाही इकडे. कशावर आलीस?"

मी गाडी दाखवली. त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्या हेल्मेटकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा हलला. "तू चालवतेस?"

मेथी निवडत आम्ही बसलो. बोलता बोलता कळलं की गुडघ्यांपेक्षा बोळाचाच प्रश्न मोठा होता. रिक्षा आत येत नाही, मोठ्या रस्त्यापर्यंत त्यांना चालवत नाही. पाळकसाहेब प्रभुभोजन घरी आणून देतात, पण मावशी म्हणाल्या, "ते म्हणजे दवाखान्यातल्या औषधासारखं वाटतं गं. पंगतीत बसून जेवल्यासारखं नाही."

मी म्हटलं, "रविवारी मी न्यायला येईन."

"मी गाडीवर चढणार कशी? पाय वर होत नाही."

आम्ही दोघींनी ओट्याकडे पाहिलं. मग गाडीकडे. मी गाडी ओट्याला लावून उभी केली. सीट जवळजवळ ओट्याच्या उंचीची. मावशी खुर्चीतून उठल्या, भिंत धरली आणि ओट्यावरून सरळ सीटवर बसल्या, पलंगावर बसावं तशा. बसल्यावर त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "चल, बोळाच्या तोंडापर्यंत तर ने."

मी नेलं आणि परत आणलं. उतरताना म्हणाल्या, "जरा जोरात चालवतेस."

त्या रविवारी मावशी उपासनेला आल्या. चर्चच्या बाजूच्या उंच पायरीला गाडी लावली आणि मावशी पायरीवर उतरल्या. अंबाडा हेल्मेटमध्ये बसेना म्हणून तो सोडून वेणी घातली होती, शाळकरी मुलीसारखी. सगळ्या बायका गोळा झाल्या. सलाम मावशी, सलाम मावशी. मावशींनी एकीला सांगितलं की तिचा पदर नीट नाही आणि दुसरीला सांगितलं की ती जाड झाली आहे. गीत सुरू झालं तेव्हा मात्र त्या गायल्या नाहीत. पुस्तक उघडून नुसत्या उभ्या राहिल्या.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी परत निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर बोट टोचलं. "घरी नको. मासळी बाजारात ने."

"आत्ता? उपासनेच्या साडीत?"

"वर्षभर शेजारीण आणून देईल ते खातेय. तिला ताजा मासा ओळखता येत नाही. कल्ले उघडून बघायचे असतात."

मी नेलं. ओट्याएवढी उंच जागा मिळेना, म्हणून मासेवालीच्या थर्माकोलच्या खोक्याला खेटून गाडी लावली आणि मावशींनी गाडीवर बसूनच बाजार केला. एकेक बोंबील हातात घेऊन बघितला. भाव पाडला. बर्फाचं पाणी माझ्या चपलेत गेलं, मागून लोक गाडी काढा म्हणून ओरडत होते, पण त्या हलायला तयार नव्हत्या. पिशवी मांडीवर घेतल्यावर त्यांनी जो सुस्कारा टाकला तो मला अजून ऐकू येतो.

त्या दुपारी त्यांनी मला जेवायला ठेवून घेतलं. मी ओट्यावर बसून बोंबील साफ करून दिले, त्यांनी स्टुलावर बसून कालवण केलं. जेवताना मला राहवेना. मी म्हटलं, "मावशी, मी यायच्या आधी तुम्ही प्रार्थना केली होती का? कुणीतरी यावं म्हणून?"

मला वाटलं, त्या हो म्हणतील. महिला मंडळात साक्ष द्यायला छान होईल, असंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

मावशी घास थांबवून म्हणाल्या, "नाही गं. मी त्याच्याशी बोलणंच सोडलं होतं."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

"आधी करत होते. रोज करत होते. मग वाटलं, एवढी वर्षं त्याच्या घरची झाडलोट केली, आणि पाय गेल्यावर साधी चौकशी नाही. म्हटलं, राहू दे. तू तिकडे, मी इकडे." त्यांनी भातावर कालवण वाढून घेतलं. "मग तू आलीस. तीही तू! दुसरी कुणी असती तर म्हटलं असतं, मायेनं आली. पण तुला माझी माया असायचं काही कारण नव्हतं. म्हणजे त्यानंच पाठवली असणार. मग काय करते, पुन्हा बोलायला लागले."

"कापडाचं लक्षात आहे तुमच्या?"

"टाके वाकडेच होते," मावशी म्हणाल्या. "पण तसं बोलायला नको होतं. खा, बोंबील गार होतोय."

त्यानंतरच्या रविवारी त्या गायल्या. आवाज फाटका, सुरात मुळीच नाही, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला.

या सगळ्यानंतर मी जरा जास्तच शहाणी झाले होते. वाटायला लागलं, आता आपल्याला देवाचं सगळं ऐकू येतं. एकदा कांदा चिरता चिरता मनात आलं, पाळकसाहेबांच्या घरी जा, लगेच जा. कांदा तसाच टाकून, गॅस बंद करून गाडी काढली. दारात पोहोचले तेव्हा धाप लागली होती. पाळकीणबाई लग्नाला जायची बॅग भरत होत्या. "या ना, काय झालं?" मी म्हटलं, "तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना?" सगळं उत्तम होतं. मी अर्धा तास बसले, चहा आणि चिवडा घेतला, बॅगेची अडकलेली चेन लावून दिली आणि घरी आले. तो देव होता की माझंच मन, मला अजून माहीत नाही. पाळकसाहेबांना नंतर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बाई, चेन तर लागली."

आता पहाटे खुर्चीत बसते तेव्हा बहुतेक वेळा काहीच ऐकू येत नाही. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आणि स्टेशनकडून रेल्वेचा भोंगा, एवढंच. पूर्वी मला त्याची काळजी वाटायची. आता बरं वाटतं. पेठ-सुरगाण्याचं काम एक तरुण जोडपं करतंय, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. माझ्याकडे मावशी आहेत, आणि शेजारणीच्या सासूबाई, ज्यांना विहारात सोडायचं आणि घरी आणायचं असतं. मंडळीतले एक आजोबाही मला विचारून बसलेत, पण मिस्टर म्हणतात की ते वजनानं फार जड आहेत.

मागच्या रविवारी बाजारात गर्दी कमी होती. मासेवालीनं सुरमईचे तुकडे करता करता मावशींना विचारलं, "ही मुलगी का तुमची? लय जीव लावते."

"मुलगी कसली," मावशी म्हणाल्या. "ही माझी ड्रायव्हर. देवानं पाठवलीय, पगार तोच बघतो." आणि मासेवालीला काही कळायच्या आत त्यांनी पुढचा तुकडा उचलून तिच्यासमोर धरला. "हा शेपटीकडचा आहे. मला पोटाकडचा दे."